टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स: बेळगाव सीमाभागातून वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी इथल्या मुला-मुलींकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच उत्तर वाचा. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे. तारखा, फी आणि कागदपत्रांची यादी दरवर्षी बदलते. त्यामुळे अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचायची, हे प्रत्येक उत्तराला लागू आहे.

१. सर, टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट म्हणजे नक्की काय? शेवटी एमबीएच ना?

तंत्रज्ञान निवडायचं कसं, आणायचं कधी, माणसांच्या हातात रुजवायचं कसं आणि वेळ आली की सोडायचं कसं, याचे निर्णय घ्यायला शिकवणारा हा विषय आहे. अमेरिकेत एमआयटीने १९८१ मध्ये या नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९८७ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालाने अभियांत्रिकी, विज्ञान आणि व्यवस्थापन यांना जोडणारं क्षेत्र म्हणून त्याची मांडणी केली. तंत्रज्ञानाचा अंदाज बांधणं, रोडमॅप तयार करणं, संशोधन आणि विकास विभाग चालवणं, पेटंट, तंत्रज्ञान हस्तांतरण, प्रकल्प व्यवस्थापन, ऑपरेशन्स आणि गुंतवणुकीचं गणित हे त्यातले नेहमीचे विषय.

एक उदाहरण. नवं तंत्र किती पिकलं आहे हे मोजायला नासाने बसवलेली १ ते ९ अशी पातळ्यांची पट्टी वापरतात. पहिल्या पातळीवर फक्त मूळ तत्त्व कळलेलं असतं, नवव्या पातळीवर ते तंत्र प्रत्यक्ष कामात सिद्ध झालेलं असतं. प्रदर्शनात छान चाललेलं यंत्र आपल्या शेडमध्ये, आपल्या विजेवर, आपल्या माणसांकडून चालेल का, हा प्रश्न शिस्तीने विचारायला ही पट्टी शिकवते. साध्या एमबीएत हा भाग क्वचितच येतो.

भारतात या पदवीला एकच ठरलेलं नाव नाही. म्हणून पाटीवरचं नाव बाजूला ठेवा आणि चारही सत्रांची विषयांची यादी मागवा.

२. आमच्या बेळगावात याचा उपयोग काय? हे बेंगळुरू-पुण्याच्या आयटीवाल्यांसाठी नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो. मला तर ही पदवी आपल्या पट्ट्यासाठीच जास्त गरजेची वाटते.

उद्यमबाग आणि मच्छेच्या औद्योगिक वसाहतींतून फिरून या. फाउंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिक्स. समजा एका फाउंड्रीत कास्टिंगचं रिजेक्शन सहा टक्के आहे. कुणीतरी मालकांना सांगतं, सिम्युलेशन सॉफ्टवेअर घ्या, चार टक्क्यांवर येईल. महिन्याला १०० टन ओतकाम असेल तर दोन टन वाचले, असा हिशेब लगेच मांडला जातो. पण रिजेक्ट झालेलं लोखंड भट्टीत परत जातं, ते वाया जात नाही. खरं नुकसान होतं ते विजेचं (इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट जातात), वितळताना होणाऱ्या घटीचं, वाळूचं, मजुरीचं, आणि गिऱ्हाइकाला दिलेली तारीख हुकल्याचं. शेवटचा आकडा कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो, आणि बहुतेक वेळा तोच सर्वांत मोठा असतो.

मग पुढचे प्रश्न. लायसन्सचे पैसे दरवर्षी द्यायचे की एकदाच? सॉफ्टवेअरवर बसणार कोण, आणि तो मुलगा दीड वर्षाने पुण्याला गेला तर? जुन्या लाकडी पॅटर्नची थ्री-डी मॉडेल्स तरी आहेत का? नसतील तर आधी ती करून घ्यायचा खर्च धरला का? रिजेक्शन मुळात गेटिंगमुळे (साच्यात धातू जायच्या वाटांमुळे) होतंय की वाळूतल्या ओलाव्यामुळे? ओलाव्यामुळे होत असेल तर सॉफ्टवेअर घेऊन काहीच साधणार नाही. वाळूची चाचणी नीट करायला लागा. हे सगळे प्रश्न एका कागदावर मांडून मालकांपुढे ठेवता येणं, हीच टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटची खरी परीक्षा.

हुक्केरी तालुक्यातल्या हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांचा एईक्वस कंपनीचा विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रकल्प आहे. तिथे प्रत्येक भागाचा माग ठेवावा लागतो: कुठला कच्चा माल, कुठलं यंत्र, कुणी तपासलं. अशा साखळीत शिरायचं असेल तर छोट्या मशीन शॉपलाही मोजमाप, नोंदी आणि सॉफ्टवेअर यांची व्यवस्था उभी करावी लागते.

चिकोडी-अथणीकडे साखर आणि इथेनॉल. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन घातलं. फक्त रसावर अवलंबून असलेली आसवनी (डिस्टिलरी) अडचणीत आली. मळी आणि धान्य दोन्हींवर चालू शकणाऱ्याला पर्याय उरला. उभारणीच्या वेळी ‘दोन कच्च्या मालांवर चालणारं घ्यायचं का, जादा खर्च परवडेल का’ हा निर्णय कुणीतरी घेतला होता किंवा घेतला नव्हता. असा निर्णय आधीच नीट घेणारी माणसं आपल्याकडे हवीत.

३. एम.टेक., एमबीए, एम.मॅनेजमेंट, पीजीडीएम… यातलं काय घ्यायचं?

यंत्र, प्रक्रिया किंवा डिझाइन यातच खोल जायचं असेल तर एम.टेक. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग किंवा प्रॉडक्शनकडे झुकणारं एम.टेक. घेतलं तर व्यवस्थापनाचा बराच भाग त्यातच येतो.

माणसं, पैसा आणि बाजार हाताळायचा असेल तर एमबीए. मुंबईची पूर्वीची नीटी ही १९६३ पासून औद्योगिक अभियांत्रिकीसाठी नावाजलेली संस्था. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन ही तिची जुनी ताकद. आयआयटी मुंबईची शैलेश जे. मेहता स्कूल १९९५ ची, आणि तिथलं वातावरण तंत्रज्ञानाचंच आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अभियांत्रिकी पदवीधरांसाठी मास्टर ऑफ मॅनेजमेंट चालतं. गणित आणि संख्याशास्त्र आवडणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ते नक्की बघावं. आपल्याकडे याची माहिती फारच थोड्यांना आहे.

पीजीडीएम ही विद्यापीठाबाहेरच्या स्वायत्त संस्थांची पदविका. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) मान्यता असेल तर नोकरीसाठी चालते. पुढे पीएच.डी. करायची असेल तर तिला भारतीय विद्यापीठ संघाची एमबीएशी समकक्षता आहे का, हे आधी बघा.

४. बी.ई. झाल्या झाल्या करू की आधी नोकरी करू?

आधी नोकरी. किमान दोन वर्षं. याबाबत माझं मत ठाम आहे.

या अभ्यासक्रमात वर्गात जे बोललं जातं त्याला अर्थ येतो तो तुमच्याकडे एखादा न सुटलेला प्रश्न असेल तेव्हा. दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर नवं यंत्र का वापरत नाही? ईआरपीत (कारखान्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) साठा एक आणि गोदामात दुसराच का? हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं आहे त्याला प्रत्येक केसमध्ये (वर्गात चर्चेला घेतलेल्या कंपनीच्या प्रसंगात) स्वतःचं शॉप दिसतं. ज्याने पाहिलेलं नाही तो पाठांतर करतो आणि मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नालाच अडकतो.

बेळगावात पहिली नोकरी कमी पगाराची मिळते, हे खरं. पण छोट्या कारखान्यात पहिल्या वर्षीच खरेदी, उत्पादन, गुणवत्ता आणि गिऱ्हाईक ही चारही टोकं बघायला मिळतात. मोठ्या कंपनीत एका टेबलावर चार वर्षं जातात. ही दोन वर्षं वाया गेली असं घरच्यांना वाटत असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

अपवाद एकच. गेटचा (एम.टेक.ची अखिल भारतीय प्रवेश परीक्षा) स्कोअर चांगला आला असेल आणि एम.टेक.च करायचं असेल, तर थांबू नका. गेटचा स्कोअर तीन वर्षंच चालतो.

५. माझं बी.कॉम. / बी.एस्सी. / बीसीए झालंय. मला चालेल का?

एमबीएसाठी चालेल. कुठलीही मान्य पदवी आणि साधारण ५० टक्के गुण, राखीव प्रवर्गाला ४५, ही बहुतेक ठिकाणची अट. एम.टेक. आणि विज्ञान संस्थेच्या मास्टर ऑफ मॅनेजमेंटला अभियांत्रिकीची पार्श्वभूमी लागते.

बी.कॉम.वाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. प्रश्न २ मधला रिजेक्शनचा खर्च काढणं हे कॉस्टिंगचंच काम आहे. मात्र यंत्रांची भाषा कळायला हवी. त्यासाठी स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवर आयआयटीचे उत्पादन-प्रक्रियेचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, फक्त परीक्षेला फी.

६. डिप्लोमा करून दहा वर्षं कारखान्यात आहे. थेट मास्टर्स मिळेल का?

नाही. आधी पदवी लागते. डिप्लोमानंतर बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. कर्नाटकात त्यासाठी डीसीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. ‘अनुभवावर थेट मास्टर्स’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी प्रश्न १४ वाचा.

७. कुठल्या प्रवेश परीक्षा द्यायच्या?

कर्नाटकातल्या एमबीए आणि एम.टेक.साठी केईएची (कर्नाटक परीक्षा प्राधिकरण) पीजीसीईटी. महाराष्ट्रातल्या एमबीएसाठी तिथल्या सीईटी सेलची (राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष) एमबीए सीईटी. आयआयएम आणि बहुतेक आयआयटींच्या एमबीएसाठी कॅट, जी साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस असते. एम.टेक.साठी गेट. विज्ञान संस्थेच्या मास्टर ऑफ मॅनेजमेंटसाठी गेट किंवा कॅट यांचा स्कोअर चालतो. सिम्बायोसिससाठी स्नॅप.

सगळ्या देऊ नका. मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनच्या मुलाला माझा सल्ला: कॅट आणि पीजीसीईटी, आणि सीमाभागातले दाखले (प्रश्न ९) तयार असतील तर महाराष्ट्राची सीईटी. तिन्हींतलं गणित, तर्क आणि इंग्रजीची तयारी बरीचशी एकच. गेटची तयारी पूर्ण वेगळी आहे. ती बरोबर ओढली की दोन्हीकडे हाल होतात.

८. घर सोडून जाता येत नाही. जवळपास काय आहे?

व्हीटीयूचं (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ) मुख्यालयच आपल्याकडे आहे. १९९८ पासून ज्ञानसंगम परिसरात हे विद्यापीठ आहे आणि तिथे पदव्युत्तर विभाग आहेत. उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट, शहरात केएलएसचं आयएमईआर हे व्यवस्थापन महाविद्यालय, भूतरामनहट्टीला २०१० मध्ये स्थापन झालेलं राणी चन्नम्मा विद्यापीठ. हुबळीला केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी.

निपाणीकरांना कोल्हापूर जेमतेम चाळीस किलोमीटर; शिवाजी विद्यापीठ आणि सायबर ही व्यवस्थापन शिक्षणाची संस्था दोन्ही तिथे आहेत, आणि रोज येऊन-जाऊन शिकणारी मुलं आहेत. खानापूर-बेळगावकरांनी चोर्ला घाटापलीकडचं साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटही लक्षात ठेवावं, फी मात्र जास्त आहे.

जवळच्या महाविद्यालयात चौकशी करताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘ऑपरेशन्स, अ‍ॅनालिटिक्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट हे वैकल्पिक विषय मागच्या वर्षी प्रत्यक्ष चालवले का?’ पुस्तिकेत दहा विषय छापलेले असतात आणि मुलं कमी म्हणून शेवटी मार्केटिंग आणि फायनान्स दोनच उरतात.

९. महाराष्ट्रात सीमाभागातल्या मुलांना जागा असतात म्हणे. खरं काय?

खरं आहे, पण अर्धवट माहितीवर बरीच मुलं फसतात.

महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या प्रवेश नियमांत उमेदवारांचे अ, ब, क, ड, ई असे प्रकार आहेत. ‘ई’ हा प्रकार वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी आहे. त्यात बसलात तर तुम्हाला परराज्यातला न धरता महाराष्ट्राचा उमेदवार धरतात.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. पहिली, सीमाभाग म्हणजे अख्खा बेळगाव जिल्हा नव्हे. महाराष्ट्राने दावा केलेली ८६५ गावं ठरलेली आहेत. आपलं गाव त्या यादीत आहे का ते बघा. शेजारचं गाव आहे म्हणून आपलं असेलच असं नाही. दुसरी, दोन वेगळे दाखले लागतात: सीमाभागातले असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, तेही पुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते आजच काढून बघा. तिथे चूक असेल तर दुरुस्तीला महिने जातात, आणि प्रवेशाच्या फेरीला थोडेच दिवस मिळतात. तिसरी, कुठली परीक्षा कुठून उत्तीर्ण हवी हे अभ्यासक्रमानुसार वेगळं असतं. अभियांत्रिकीच्या वेळी दादाला चाललं म्हणून एमबीएला तुम्हाला चालेल असं गृहीत धरू नका.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त गोंधळाची. हा प्रकार फक्त सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेरीत चालतो. आयआयटी, आयआयएम, सिम्बायोसिससारखी अभिमत विद्यापीठं यांच्याकडे त्याचा काही संबंध नाही.

आणि व्हीटीयू किंवा राणी चन्नम्मातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.

१०. बारावी आणि बी.ई. कोल्हापुरात केलं. आता कर्नाटकात पीजीसीईटीची जागा मिळेल का?

कर्नाटकच्या पात्रतेत मुख्य अट म्हणजे राज्यातल्या मान्य संस्थांत किमान सात शैक्षणिक वर्षं शिकलेलं असणं. पहिली ते दहावी बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत झाली असेल तर वर्षं भरतात; शाळा मराठी माध्यमाची होती याने फरक पडत नाही. प्रत्येक वर्षाच्या उल्लेखासह, पुस्तिकेतल्या नमुन्यात, शाळेकडून अभ्यासाचा दाखला घ्या. वडिलांची बदली किंवा संरक्षण दलातली नोकरी असेल तर वेगळी कलमं आहेत.

ग्रामीण भागातल्या शाळेत पहिली ते दहावी केलेल्यांना ग्रामीण कोटा आहे आणि तो कन्नड माध्यमाच्या कोट्याहून वेगळा आहे. मराठी शाळेतली खेड्यातली मुलं ‘आपल्याला लागू नाही’ समजून तो रकाना रिकामा सोडतात. तसं करू नका.

११. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात चालतो का? आणि आयआयटीत?

आरक्षणाच्या याद्या राज्यनिहाय असतात. कर्नाटकात मराठा समाज ३ब प्रवर्गात आहे, त्याचा लाभ कर्नाटकच्या प्रवेशात मिळतो. महाराष्ट्रात तो प्रवर्गच नाही. केंद्रीय संस्थांसाठी केंद्राची ओबीसी यादी बघायची. राज्याच्या यादीत नाव आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. यादीत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षाचा नॉन-क्रीमी लेअर दाखला लागतो. तहसीलदार कचेरीत ‘केंद्राच्या नमुन्यात हवा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचाच हातात पडतो.

१२. ३७१ जे चा कोटा बेळगावला आहे का?

नाही. राज्यघटनेच्या ३७१ जे कलमाखालचा तो कोटा कल्याण कर्नाटकातल्या (पूर्वीचा हैदराबाद-कर्नाटक) जिल्ह्यांसाठी आहे. बिदरकडच्या भालकी, औराद, बसवकल्याणच्या मराठी मुलांना लागू होतो, बेळगावच्या नाही.

१३. व्हीटीयूचा सीजीपीए ५.५ आहे. म्हणजे ५५ टक्के ना?

इथे थांबा. व्हीटीयूच्या अनेक बॅचना लागू असलेलं सूत्र सीजीपीएतून ०.७५ वजा करून दहाने गुणायचं असं आहे. त्या हिशेबाने ५.५ म्हणजे ४७.५ टक्के, आणि ५० टक्क्यांची अट हुकते. तुमच्या स्कीमला कुठलं सूत्र आहे ते गुणपत्रिकेवरून किंवा विद्यापीठाकडून पक्कं करा आणि अर्जात तेच लिहा. मनाने दहाने गुणून भरलेला अर्ज कागदपत्र तपासणीत बाद होतो, आणि तोपर्यंत बाकीच्या फेऱ्या निघून गेलेल्या असतात.

१४. नोकरी सोडता येत नाही. ऑनलाइन किंवा दूरस्थ केलं तर किंमत राहते का?

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२० च्या नियमांनुसार, परवानगी असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. परवानगी विद्यापीठाला आणि त्या ठराविक अभ्यासक्रमाला, दोन्हींना हवी. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या (डीईबी) संकेतस्थळावर ती यादी असते. प्रवेशासाठी तुमचा स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो. कुणी ‘आयडीची गरज नाही, आम्ही बघतो’ म्हणालं तर तिथून उठा.

दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीची पदवी देता येत नाही, म्हणून ‘दूरस्थ एम.टेक.’ असं काही दिसलं तर हात लावू नका. बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे कार्यक्रम वेगळ्या रचनेचे आहेत. त्यात तुमच्या कंपनीची संमती आणि कामाच्या जागचा मार्गदर्शक लागतो. मालकांना आधी विश्वासात घ्या.

मोठ्या संस्थांची ‘एक्झिक्युटिव्ह’ सर्टिफिकेटं ही पदवी नसते. शिकायला चांगली असतील, पण पदवी लागणाऱ्या बढतीत किंवा सरकारी अर्जात ती चालत नाहीत. पीएमपीचंही (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) तसंच: प्रकल्पाच्या नोकरीत वजन आहे, पण ते प्रमाणपत्र आहे, आणि चार वर्षांच्या पदवीनंतर ३६ महिन्यांचा प्रकल्पाचा अनुभव दाखवावा लागतो.

१५. बारावीनंतर ‘एमबीए टेक’ असतं तेच हे का?

नाही. तो बी.टेक. आणि एमबीए जोडलेला पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सतराव्या वर्षी पाच वर्षांची फी आणि दिशा दोन्ही बांधून घ्यायची का, याचा विचार करा. प्रश्न ४ मधलं माझं म्हणणं इथेही लागू होतं.

१६. मराठी माध्यमातून शिकलो. गटचर्चा आणि इंग्रजीची भीती वाटते.

ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वर्ग इंग्रजीत, केस इंग्रजीत, आणि बाजूला बसलेली मुलं लहानपणापासून इंग्रजी बोलणारी. पण मुलाखत घेणारे प्राध्यापक उच्चारापेक्षा मुद्दा ऐकतात, आणि शॉपफ्लोअरवर काम केलेल्या मुलाकडे मुद्दा असतो.

रोज एक काम करा. कारखान्यात आज काय अडलं आणि का, हे इंग्रजीत दहा ओळींत लिहा. व्याकरण नंतर. सहा महिन्यांनी त्या वहीत तुमच्या मुलाखतीची निम्मी उत्तरं तयार असतील. शिवाय मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत कामगारांशी आणि गिऱ्हाइकाशी बोलता येणं ही आपल्याकडच्या मुलांची ताकद आहे. नवं तंत्र रुजतं ते चालवणाऱ्याला त्याच्या भाषेत समजावलं तर. मुलाखतीत हे आवर्जून सांगा.

१७. खर्च किती? कर्ज, स्कॉलरशिप?

फरक प्रचंड आहे. जुन्या आयआयएमची फी वीस लाखांच्या पुढे, सरकारी विद्यापीठातल्या विभागाची त्याच्या छोट्याशा भागाइतकी.

गेट उत्तीर्ण होऊन एआयसीटीई मान्य संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. केलं तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने. एमबीएला ते नाही, आणि हे घेताना बाहेर पगारी नोकरी करता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ठरावीक दर्जाच्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना विनातारण, विनाजामीन कर्ज. आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. संस्था यादीत आहे का ते प्रवेशाआधी बघा. मॅनेजमेंट कोट्याला ही योजना नाही. जुनी करप्रणाली घेतली असेल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते.

शेत विकून किंवा गहाण ठेवून कुठल्याही अनोळखी खासगी संस्थेत जाऊ नका. कर्जाचा हप्ता बेळगावात मिळणाऱ्या पगारातून फिटतो का, एवढा हिशेब घरी बसून करा. ‘पुण्यात पॅकेज मिळेल’ हे धरून हिशेब करू नका.

१८. परदेशात केलं तर?

नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये मॅनेजमेंट ऑफ टेक्नॉलॉजी या नावाचीच पदवी आहे, तांत्रिक पदवीधरांसाठी. झुरिकच्या ईटीएचमध्ये व्यवस्थापन, तंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र असा एकत्र अभ्यासक्रम आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही आहे, पण तिथे आता युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लागते, त्यामुळे ‘जर्मनीत फुकट’ हे सरसकट खरं नाही. जर्मनीसाठी एपीएसची (जर्मन दूतावासाचा शैक्षणिक पडताळणी विभाग) कागदपत्र पडताळणी सक्तीची आहे आणि ब्लॉक खात्यात (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. अमेरिकेत अभ्यासक्रम ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिने जोडून मिळू शकतात. एकाच नावाच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक यादीत आणि एक बाहेर असू शकतो. विद्यापीठाला त्याचा वर्गीकरण क्रमांक लेखी विचारा.

१९. लग्नानंतर पाच वर्षं घरी आहे. वय ३२. आता कुणी घेईल का?

घेतील, ताई. कॅटला आणि गेटला वयाची वरची मर्यादा नाही. मधल्या वर्षांचा प्रश्न मुलाखतीत येणारच. त्याचं सरळ उत्तर द्या, माफी मागायच्या सुरात बोलू नका. आधी एखादा एनपीटीईएलचा अभ्यासक्रम परीक्षेसह पूर्ण करा. अभ्यासाची सवय परत लागते आणि अर्जात ताजं काहीतरी दिसतं. घर सोडणं शक्य नसेल तर प्रश्न ८ आणि १४.

२०. पुढे प्राध्यापक व्हायचं आहे. ही पदवी चालेल?

कुठल्या विभागात, हे आधी ठरवा. अभियांत्रिकी शिकवायला त्याच शाखेचं बी.ई. आणि एम.टेक. लागतं, एमबीए करून मेकॅनिकल विभागात जागा मिळत नाही. व्यवस्थापन विभागाला एमबीए किंवा समकक्ष, प्रथम श्रेणी आणि अनुभव बघतात. नाव वेगळं असलेली मास्टर्स घेत असाल तर ती कुठल्या विभागाशी समकक्ष धरली जाते हे प्रवेशाआधीच लेखी घ्या.

२१. वडिलांचं मशीन शॉप आहे. मलाच चालवायचंय. मग पदवी कशाला?

प्लेसमेंट नको असेल तर तुमचे निकषच बदलतात. रँकिंग आणि पॅकेज सोडून द्या. तुम्हाला हवे ते विषय कोण शिकवतं आणि प्रकल्प स्वतःच्या शॉपवर करू देतात का, एवढंच बघा. दोन्हींचं उत्तर होय असेल तर बेळगावातलीच संस्था तुम्हाला मुंबईपेक्षा सोयीची, कारण संध्याकाळी शॉपमध्ये पाय ठेवता येतो.

प्रवेशाआधी एक काम करून ठेवा. मागच्या पाच वर्षांत वडिलांनी घेतलेल्या प्रत्येक मोठ्या यंत्राची किंमत, ते महिन्यात किती तास चालतं आणि ते का घेतलं, हे त्यांच्याजवळ बसून लिहून काढा. ‘का घेतलं’ला काही ठिकाणी ‘शेजारच्याने घेतलं म्हणून’ असं उत्तर येईल. त्यावर वाद घालू नका, नुसतं लिहा. पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयाचं प्रोजेक्ट त्याच कागदावर करा, आणि त्यातून जे निघेल ते सर्वांत आधी वडिलांना दाखवा.